दुसरी बोली

कन्नमवार नगरात, चौऱ्याऐंशी नंबरच्या इमारतीत
पाण्याचा पाइप एकच होता, चार मजल्यांना.
पहाटे साडेपाचला पाणी यायचं, पाऊण तास.
वर धार बारीक झाली की तिसऱ्या मजल्यावरून
मालगुंडकर वहिनी पळीनं पाइपावर ठोकायच्या,
टण टण,
आणि खाली आई नळ अर्धा पिरगळायची.
मग ठोका आला नाही, तर
जरासा, केसभर, सोडायची.
पुन्हा टण. पुन्हा अर्धा.
तळमजल्यावरच्या हवालदारांना मात्र कधीच काही ऐकू यायचं नाही.

एवढंच मी पुढं पंचवीस वर्षं लिहीत आले:
वाढायचं ते थेंबाथेंबानं, आखडायचं ते निम्म्यानं,
आणि हे प्रत्येकानं आपापल्या घरात केलं
तर मधे मुकादम न बसवता
पाइप सगळ्यांना पुरतो.
पवईतल्या खोलीत फळाभर सिद्ध करून दाखवते.
हवालदारांसाठी वेगळं प्रकरण आहे. चौथं.

आणि पुरलाच नाही तर?
तर लिलाव.

भिशी आमच्याकडे व्हायची. वीस बायका, दोनशे रुपये,
महिन्याच्या सात तारखेला.
जिला जास्त नड, ती जास्त सोडणार;
सोडलेले बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.
बोली लावायची म्हणजे बोलायचंच की,
वीस जणींसमोर, चहाचा कप हातात धरून,
आपलं कुठवर आलंय ते.
म्हणून बहुतेकजणी आधी पंख्याकडे बघायच्या.

बाराव्या महिन्यात रिबेलोबाई सातशेवर थांबल्या
आणि मालगुंडकर वहिनी एकदम म्हणाल्या, बाराशे.
कुणाचाच कप बशीत टेकला नाही.
आईनं वहीत मान घातली, लिहिलं: सातशे.
अहो, बाराशे म्हणाल्या त्या.
ऐकलं. पण दुसरी बोली सातशेची ना,
तिला मागं टाकायला तेवढे पुरे.

सातवी पास बाई.
मी हे प्रमेय शिकवते तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगत नाही,
कारण पुढच्या महिन्यात रिबेलोबाईंनी विचारलं,
आजही दुसरीच धरायची ना?
आणि आई म्हणाली, छे. तो काही नियम नव्हता.

प्रमेयाला नियमच लागतो, आधी जाहीर केलेला;
त्याशिवाय माणूस खरी नड सांगत नाही.
मागाहून केलेली दया
समीकरणाच्या कुठल्याच बाजूला बसत नाही.
मी बसवून बघितली आहे.

अजून एक फरक राहिला.
आमच्या पाइपात ठोका म्हणजे तक्रार,
शांतता म्हणजे चाललंय बरं.
माझ्या नेटवर्कात उलटं. तिथं पोचलेलं पॅकेट पोच देतं;
पोच न येणं, हीच तक्रार.
दोन हप्ते भरून झाल्यावर पहाटेचे ठोके थांबले
तेव्हा आई म्हणाली, हल्ली वरपर्यंत छान चढतंय पाणी,
आणि नळ पूर्ण सोडला.
आठवड्यानं कुणीतरी कुलूप बघितलं.
गावी गेले की सुरतेला, कळलं नाही.

किती वाट बघून हरवलं म्हणायचं,
हा आकडा मी अजून शोधते आहे.
घाई केली, तर पोच मागाहून येते आणि फजिती होते;
थांबलं, तर मागची सगळी रांग तुंबते.

परवा आईचं कपाट आवरताना वही सापडली.
मालगुंडकर. वीस चौकटी, वीस बरोबरच्या खुणा.
चौदा निळ्या शाईत, सगळ्यांच्या असतात तशा.
शेवटच्या सहा पेन्सिलीनं, हलक्या हातानं,
खोडता येतील अशा.